जंत आणि जंतू : गुरांच्या आतड्यातील प्रतिकाराचे स्वरूप

मराठीतील ‘जंतू’ आणि ‘जंत’ हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘जन्तु’ या एकाच शब्दापासून आलेले आहेत. पहिला तत्सम, दुसरा तद्भव. मूळ शब्दाचा अर्थ ‘जन्म पावलेला जीव’ इतका व्यापक आहे. परंतु मराठीत या दोन रूपांनी आपापसात अर्थाची वाटणी करून घेतली आहे. पोटात होणारे, विष्ठेवाटे किंवा शेणावाटे पडले असता डोळ्यांना दिसणारे कृमी ते जंत. आणि सूक्ष्मदर्शकाखेरीज न दिसणारे, पटकी किंवा क्षय यांसारखे रोग उत्पन्न करणारे ते जंतू. एका शब्दाची दोन रूपे दोन अर्थांना वाटून दिली जाणे ही भाषेतील नित्याची घटना होय. येथे विशेष एवढाच, की व्यवहाराच्या सोयीने झालेली ही वाटणी शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही यथार्थ ठरते. प्राण्याचे शरीर जंतू आणि जंत यांना एकाच रीतीने वागवीत नाही. जंतूला ते गिळून नष्ट करू पाहते. जंताला ते गिळू शकत नाही. ‘रोगप्रतिकार’ हा एकच शब्द दोन्ही ठिकाणी योजल्यामुळे हा भेद झाकला जातो, आणि त्यातून गुरांच्या जंतांविषयी काही चुकीच्या अपेक्षा निर्माण होतात. हा भेद पेशींच्या पातळीवर कसा घडतो आणि त्याचा गोठ्यातील व्यवहाराशी काय संबंध आहे, याचे विवेचन पुढे केले आहे.

१. पाऊस, गवत आणि अळी

पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातील वेवजी हे गाव गुजरातच्या उंबरगाव तालुक्याला लागून आहे. डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. खाचरांत भात उभे असते आणि गुरे बांधांवर, वरकस जमिनीवर व माळांवर चरतात. उन्हाळ्यात करपलेली जमीन पहिल्या सरींनंतर आठ-पंधरा दिवसांत हिरवी होते. गुरांना याच काळात पोटभर ओला चारा मिळतो आणि जंतांना नवा आश्रयही याच काळात मिळतो.

भारतीय गुरांच्या पोटात आढळणाऱ्या गोलकृमींमध्ये हिमाँकस हा वंश सर्वांत घातक समजला जातो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांपैकी चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या जठरात, हा दोन-तीन सेंटीमीटर लांबीचा कृमी राहतो आणि जठराच्या अस्तरातून रक्त शोषतो. मेंढ्यांवरील मोजमापांनुसार एक कृमी दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण हजार कृमी असल्यास जनावर दररोज ५० मिलिलिटर रक्त गमावते. पापण्यांच्या आतील भाग पांढुरका पडणे, जबड्याखाली पाणी भरून सूज येणे, केस राठ होणे ही याचीच लक्षणे होत.

मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. ती शेणातून बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाल्यास त्यांतून अळी निघते, दोनदा कात टाकते आणि अनुकूल हवामानात आठवड्याभरात संसर्गक्षम अवस्थेला पोहोचते. या तिसऱ्या अवस्थेतील अळीच्या अंगावर आधीच्या कातीचे आवरण तसेच राहिलेले असते. तिला खाता येत नाही, ती साठवलेल्या अन्नावर जगते. पावसाच्या पाण्याच्या पातळ थरातून ती गवताच्या पात्यावर चढते, परंतु बहुधा बुडापासून काही सेंटीमीटरांपलीकडे जात नाही. म्हणून गवत जितके खुरटे, तितकी जनावराच्या तोंडात जाणारी अळ्यांची संख्या मोठी. पोटात गेल्यावर आवरण गळून पडते आणि सुमारे तीन आठवड्यांत अळीचा पूर्ण वाढलेला कृमी होतो.

भारतातील पाळीव जनावरांच्या कृमींची पद्धतशीर नोंद जी. डी. भालेराव यांच्या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रथम एकत्र पाहावयास मिळाली. त्या पिढीचे काम मुख्यतः कृमींना ओळखण्याचे व नाव देण्याचे होते. जनावराचे शरीर स्वतः कृमीला कसे ओळखते, हा प्रश्न त्यानंतरचा.

२. गिळता न येणारा शत्रू

१८८२ साली मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून मेच्निकोव्ह यांनी त्याभोवती जमणाऱ्या फिरत्या पेशी पाहिल्या आणि त्यांवरून भक्षक पेशींची कल्पना मांडली. शरीरात शिरलेल्या परक्या कणाला वेढून, पोटात घेऊन पचविणारी पेशी, हे चित्र त्यानंतर प्रतिकाराच्या सर्व विवेचनाचा पाया बनले. जंतूंच्या बाबतीत ते पुष्कळसे खरे आहे, कारण जंतू हा पेशीहून कितीतरी लहान असतो.

जंत मात्र पेशीच्या हजारो पट मोठा असतो. त्याच्या अंगावर चिवट त्वचा असते, तो हालचाल करतो, आणि पूर्ण वाढ झालेला जंत बहुधा शरीराच्या ऊतीत नसून आतड्याच्या पोकळीत, म्हणजे एका अर्थी शरीराबाहेरच असतो. अशा प्राण्याला कोणतीही एक पेशी गिळू शकत नाही. तेव्हा त्याच्याविरुद्ध शरीराला निराळी रीत अवलंबावी लागते. ती रीत जंताला मारण्यापेक्षा त्याचे राहणे अवघड करण्याची आहे.

३. संदेशांची साखळी

आतड्याच्या अस्तरात शोषण करणाऱ्या पेशींच्या गर्दीत थोड्या विरळ पेशी अशा असतात, की त्यांच्या टोकाला केसांचा झुपका असावा तसे बारीक तंतू दिसतात. त्यांना टफ्ट पेशी म्हणतात. दीर्घकाळ त्यांचे कार्य अज्ञात होते. २०१६ साली उंदरांवरील तीन स्वतंत्र संशोधनांतून असे निष्पन्न झाले, की आतड्यातील परोपजीवींची चाहूल या पेशींना लागते आणि त्या इंटरल्यूकिन-२५ नावाचे संदेशद्रव्य सोडतात. मेंढ्यांतही जंतबाधेनंतर या पेशींची संख्या वाढते, असे पुढे २०२१ साली दिसून आले.

हा संदेश अस्तराखालील जन्मजात लसीका पेशींच्या एका गटाला मिळतो आणि त्या इंटरल्यूकिन-१३ निर्माण करू लागतात. दरम्यान जंताच्या स्रावांचे अंश घेऊन काही पेशी जवळच्या लसीका ग्रंथीत जातात आणि तेथील सहायक टी पेशींपुढे ते मांडतात. १९८६ साली मॉसमन आणि कॉफमन यांनी उंदरांच्या सहायक टी पेशींचे, त्या कोणती द्रव्ये सोडतात त्यावरून, दोन प्रकार सांगितले. पेशींच्या आत राहणाऱ्या जंतूंविरुद्ध पहिला प्रकार पुढाकार घेतो, जंतांविरुद्ध दुसरा. या दुसऱ्या प्रकारच्या पेशी इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ सोडतात, आणि त्यांच्या प्रभावाने आतड्यात पुढील बदल होतात.

चषकाच्या आकाराच्या पेशींची संख्या वाढते व त्या दाट श्लेष्मा सोडतात. त्यामुळे जंताला अस्तराला चिकटून राहणे कठीण होते. अस्तरातील पेशींची उलाढाल वेगाने होऊ लागते आणि जंताच्या पायाखालची जमीनच सरकत राहते. आतड्याच्या स्नायूंचे आकुंचन वाढते व पाणी अधिक प्रमाणात पाझरते. अशा रीतीने ओले करणे, सैल करणे आणि वाहून नेणे या तीन क्रिया एकत्र घडतात. गुराला होणारी हगवण ही काही अंशी जंताने केलेली इजा असते आणि काही अंशी जंताला बाहेर काढण्याचा शरीराचा प्रयत्न असतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

याच वेळी दोन विशेष पेशी पुढे येतात. त्यांपैकी मास्ट पेशीचे नाव पाउल एर्लिख यांनी १८७८ साली आपल्या प्रबंधात दिले. जर्मन भाषेत त्या शब्दाचा संबंध जनावराला चारून पुष्ट करण्याशी आहे. पेशीत गच्च भरलेले कण पाहून ती अतिपोषित असावी, असा एर्लिख यांचा समज झाला होता. समज चुकीचा ठरला, नाव राहिले. ते कण खाद्याचे नसून हिस्टामिनसारख्या तीव्र द्रव्यांचे साठे होत. ‘ई’ वर्गाची प्रतिपिंडे या पेशीच्या पृष्ठावर बसलेली असतात. त्यांना जंताचा अंश चिकटताच साठा फुटतो आणि क्षणार्धात स्राव व आकुंचन सुरू होते. दुसरी इओसिनोफिल पेशी. एर्लिख यांनीच १८७९ साली तिचे वर्णन केले. इओसिन हा पहाटेच्या ग्रीक नावावरून ओळखला जाणारा तांबूस रंग ती आवडीने घेते, म्हणून हे नाव. ऊतीत शिरलेल्या अळीभोवती या पेशी जमतात, प्रतिपिंडांच्या आधारे तिला चिकटतात आणि आपल्या कणांतील दाहक प्रथिने तिच्या त्वचेवर ओततात. पूर्ण वाढलेल्या जंतापेक्षा कोवळ्या अळीवर त्यांचा परिणाम अधिक होतो.

४. उंदीर आणि गाय

वर दिलेली साखळी बहुतांशी उंदरांवरील प्रयोगांतून उलगडलेली आहे. तीच संज्ञा गाईच्या संदर्भात वापरली, की तोच आशयही गृहीत धरला जातो. परंतु एका प्राण्यातील संज्ञा दुसऱ्या प्राण्याला लावणे हे भाषांतरासारखेच काम आहे. शब्द जुळले म्हणजे अर्थ जुळलाच असे नाही. गाईत सहायक पेशींचे दोन प्रकार उंदरांइतके स्वच्छ वेगळे पडत नाहीत. ऑस्टर्टाजिया या समशीतोष्ण प्रदेशातील जठरकृमीची बाधा झालेल्या वासरांत दोन्ही प्रकारची संदेशद्रव्ये एकाच वेळी आढळतात, आणि त्यांबरोबरच प्रतिसाद मंदावणारे इंटरल्यूकिन-१० हेही.

दुसरा महत्त्वाचा भेद टी पेशींच्या जातीचा आहे. मनुष्याच्या रक्तात गॅमा-डेल्टा नावाच्या टी पेशी साधारणतः १ ते ५ टक्के असतात. कोवळ्या वासराच्या रक्तातील लसीका पेशींत त्यांचे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंतही जाऊ शकते आणि वयाबरोबर घटत जाते. यांतील पुष्कळ पेशींवर डब्ल्यूसी-१ या कुलातील ग्राहक प्रथिने असतात. मनुष्यात व उंदरात त्यांचे कार्य याच स्वरूपात आढळत नाही. तेव्हा वासराच्या प्रतिकाराचे वर्णन उंदराच्या परिभाषेत पूर्णपणे करता येणार नाही, हे उघड आहे.

जंतही स्वस्थ बसत नाही. आपल्या स्रावांतून तो प्रतिसाद शमविणारी द्रव्ये सोडतो. उंदराच्या आतड्यातील एका कृमीचे असे प्रथिन २०१७ साली वर्णिले गेले; ते शरीराच्या स्वतःच्या शामक संदेशाची नक्कल करते. ऑस्टर्टाजियाच्या अळ्या जठराच्या ग्रंथींत शिरून आम्ल तयार करणाऱ्या पेशींची जागा बिघडवितात, जठरातील आम्लता नाहीशी होत जाते आणि पचनच मंदावते. याच कृमीविरुद्ध वासरांची क्षमता फार हळू, बहुधा चराईचे दोन हंगाम गेल्यावर येते. उलट लहान आतड्यातील कूपेरिया या कृमीविरुद्ध ती पहिल्याच हंगामात येते. म्हणजे ‘जंतांचा प्रतिकार’ अशी एकच वस्तू नाही. प्रत्येक जंतागणिक तिचे स्वरूप आणि वेग बदलतो.

५. प्रतिकार कोठे दिसतो

जंतूंच्या बाबतीत प्रतिकार यशस्वी झाला म्हणजे जंतू नाहीसे होतात. ऑस्टर्टाजियाविरुद्ध वासरात क्षमता येऊ लागली, की सर्वांत आधी जंतांची संख्या नव्हे, तर त्यांच्या माद्यांची अंडी घालण्याची शक्ती घटते. नंतर जंत खुरटतात. त्यानंतर नव्याने आलेल्या अळ्यांची वाढ थांबते व त्या अस्तरात सुप्त पडून राहतात. सरतेशेवटी जुने जंत बाहेर पडतात आणि नव्या अळ्यांना मुळी थाराच मिळत नाही. मेंढ्यांत हिमाँकसच्या अळ्या पुन्हा पोटात गेल्यावर जुने जंत एकाएकी बाहेर पडतात आणि नव्यांनाही जागा मिळत नाही, हे स्टॉल यांनी १९२९ सालीच नोंदविले होते. या घटनेला पुढे ‘स्वयंशुद्धी’ म्हणता येईल अशा अर्थाचे नाव मिळाले.

कळपातील सर्व जनावरे सारख्या प्रमाणात हे साधत नाहीत. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे गॅस्बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासरांचे तीन गट पाडले. सुमारे एक चतुर्थांश वासरांच्या शेणात अंड्यांचे प्रमाण कधीच फारसे वाढत नाही; सुमारे निम्म्यांत ते वाढून पुढे उतरते; आणि उरलेल्या एक चतुर्थांशात ते चढेच राहते. हा फरक काही अंशी आनुवंशिक असतो. यावरून असे दिसते, की कुरणावर पडणाऱ्या अंड्यांचा मोठा वाटा थोड्याच जनावरांकडून येतो.

क्षमता येण्यासाठी शरीराला प्रथिने खर्च करावी लागतात. उपासमार झालेल्या जनावरात श्लेष्मा, पेशी, प्रतिपिंडे या सर्वांचीच निर्मिती रोडावते. विण्याच्या सुमारास गाईची क्षमता तात्पुरती ढिली पडते आणि शेणातील अंडी वाढतात. उन्हाळाअखेरीस खंगलेली, पावसाच्या तोंडावर व्यालेली गाय आणि प्रथमच चरावयास निघालेले वासरू, ही दोघेही म्हणून सर्वांत धोक्यात असतात.

६. चीक आणि जंत

गाईच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाकडे जात नाहीत. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात ती जवळजवळ नसतातच. ती त्याला चिकातून मिळतात, आणि तीही जन्मानंतर सुमारे चोवीस तासांच्या आतच. नंतर आतड्याचे दार बंद होते. खरवसासाठी पहिल्या दिवसाचा चीक काढून घेणे हे म्हणूनच वासराच्या हक्कावरील आक्रमण होय.

परंतु येथेही जंत आणि जंतू यांचा भेद आड येतो. चिकातील प्रतिपिंडे अनेक जंतूंपासून वासराचे रक्षण करतात. जंतांविरुद्ध त्यांचा उपयोग थोडा. किंबहुना टॉक्सोकारा व्हिट्युलोरम या मोठ्या गोलकृमीच्या अळ्या आईच्या ऊतींत सुप्त असतात, विण्याच्या सुमारास जाग्या होतात आणि दुधावाटेच वासरात किंवा पारडात जातात. म्हशींच्या पारडांत हा रोग विशेष आढळतो. सुमारे तीन आठवड्यांत पारडाच्या लहान आतड्यात तीस सेंटीमीटरपर्यंत लांबीचे जंत तयार होतात. पुढे चार ते सहा महिन्यांच्या वयापर्यंत जगलेले पारडू ते स्वतःच बाहेर टाकते. प्रश्न तोपर्यंत जगण्याचा असतो. म्हणून येथे जन्मानंतर दहा ते सोळा दिवसांच्या दरम्यान दिलेले औषध जीव वाचविते. चीक मात्र तरीही पाजलाच पाहिजे. त्यातून मिळणाऱ्या रक्षणाला पर्याय नाही.

७. औषध, लस आणि क्षमता

आयव्हरमेक्टिन हे औषध १९८१ साली वापरात आले आणि त्याच्या शोधाबद्दल ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. अशा औषधांमुळे जंतांचा निःपात करता येईल, अशी आशा निर्माण झाली होती. ती दोन कारणांनी फोल ठरली. सर्व गुरांना वारंवार औषध दिल्याने औषधाला दाद न देणारे जंतच मागे उरतात. शेळ्यामेंढ्यांतील हिमाँकसच्या बाबतीत हे भारतातही दिसून आले आहे. दुसरे असे, की वासराच्या पोटात अळ्या मुळीच येऊ दिल्या नाहीत, तर त्याची पेशीव्यवस्था शिकणार कशी? थोडी बाधा हा या शिक्षणाचा भागच आहे.

लसींचा इतिहासही हेच सांगतो. किरणोत्साराने दुबळ्या केलेल्या अळ्यांची लस ग्लासगो येथे तयार झाली आणि १९५९ पासून ब्रिटनमध्ये वापरात आली. पण ती फुप्फुसातील कृमीविरुद्ध होती. हिमाँकसविरुद्धची मेंढ्यांची लस ऑस्ट्रेलियात २०१४ साली मान्य झाली. तिची युक्ती वेगळी आहे. जंताच्या स्वतःच्या आतड्याच्या अस्तरातील प्रथिनांविरुद्ध ती प्रतिपिंडे निर्माण करते. जंत रक्त पितो तेव्हा ती त्याच्या पोटात जातात आणि त्याचे पचन बिघडवितात. ही प्रथिने नैसर्गिक बाधेत मेंढीच्या पेशींपुढे येत नाहीत, म्हणून बाधेने ही क्षमता ताजी होत नाही आणि लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींच्या उपचाराचे तीन टप्पे सांगितले आहेत : अपकर्षण म्हणजे बाहेर ओढून काढणे, प्रकृतिविघात म्हणजे ज्या परिस्थितीत कृमी वाढतात ती बिघडविणे, आणि निदानपरिवर्जन म्हणजे कारणांपासून दूर राहणे. प्राचीनांना पेशींचे ज्ञान होते, असा याचा अर्थ लावणे अनैतिहासिक ठरेल. परंतु आतड्यातील प्रतिसादाचे वर्णन करण्यास ‘प्रतिकार’ या युद्धवाचक शब्दापेक्षा ‘अपकर्षण’ आणि ‘प्रकृतिविघात’ हे शब्द अधिक नेमके आहेत, यात शंका नाही. युरोपीय भाषांतील संज्ञाही येथे पुरेशी पडत नाही. तिचे मूळ असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ करातून किंवा सार्वजनिक सेवेतून सूट मिळालेला असा होतो. जंतांच्या बाबतीत गुराला अशी सूट कधीच मिळत नाही. फार तर कराचा बोजा कमी होतो.

तिसरा टप्पा, निदानपरिवर्जन, हा पेशींच्या हाती नसून पाळणाऱ्याच्या हाती आहे. वेवजीसारख्या गावात त्याचा अर्थ असा होतो : वासरांना मोठ्या गुरांनी खुरटून खाल्लेल्या गवतावर न सोडता शक्यतो वेगळ्या, उंच गवताच्या जागी चारणे, शेण चरणीच्या जागेवर न टाकता उकिरड्यात नीट कुजविणे, कारण कुजण्याच्या उष्णतेने अंडी व अळ्या मरतात (राबासाठी भाजले गेलेले शेण तर कुरणावर परत जातच नाही), विणाऱ्या गाईला व वासराला पुरेसा आहार देणे, आणि सरसकट सर्वांना औषध देण्याऐवजी शेणाची तपासणी करून, पापण्यांचा रंग पाहून, ज्यांना गरज आहे त्यांनाच ते देणे. ज्या जनावरांना औषध दिले नाही त्यांच्या पोटात औषधाला बळी पडणारे जंत शिल्लक राहतात, आणि म्हणून औषधाचा गुणही टिकतो.

जंतमुक्त गोठा हे ध्येय जंतूंच्या शास्त्राकडून उसने घेतलेले आहे. जंतांच्या शास्त्राचे ध्येय अधिक माफक, पण साध्य होण्याजोगे आहे : पोटात थोडे जंत असूनही धडधाकट राहणारे, दूध देणारे, औताला जुंपता येणारे जनावर.